डोंगर आणि समुद्र यांमधली एक रेघ

मस्कतचा नकाशा समोर ठेवला की आधी डोळ्यांत भरते ती शहराची लांबी. उत्तरेला ओमानचा समुद्र, दक्षिणेला हजर पर्वताच्या उघड्या, काळपट रांगा आणि या दोघांनी सोडलेल्या अरुंद पट्टीत पूर्व-पश्चिम पसरलेलं शहर. पूर्वेच्या टोकाला जुनं मस्कत, मत्राहचं बंदर आणि रूवीचा बाजार. तिथून पश्चिमेला कुरुम, अल-खुवैर, घुब्रा, अझैबा, मग विमानतळ आणि त्याच्याही पुढे सीब, अल-खूद, माबेला. २०२०च्या जनगणनेनुसार मस्कत प्रांतात सुमारे १३ लाख माणसं राहतात आणि त्यांतली बहुतेक या पट्टीत आहेत.

ओमानमध्ये आजवर सार्वजनिक प्रवासी रेल्वे धावलेली नाही. ती आता येऊ घातली आहे. सोहार बंदराला अबू धाबीशी जोडणाऱ्या हफीत रेल्वेचं बांधकाम २०२४मध्ये सुरू झालं. राजधानीसाठी शहरी रेल्वेचा अभ्यासही वाहतूक मंत्रालयाने हाती घेतला आहे. पश्चिमेला सीबजवळ उभ्या राहणाऱ्या सुलतान हैथम सिटीपासून विमानतळ, गाला आणि अल-खुवैरमार्गे पूर्वेच्या रूवीपर्यंत, अशी साधारण ५० किलोमीटरची मार्गिका त्या अभ्यासातून पुढे आली आहे.

अशी रेघ आखायची कशी, हा या प्रकरणाचा विषय आहे. गाडी कुठली, डबे किती, तिकीट किती हे नंतर बदलता येतं. मार्ग एकदा पडला की शंभर वर्षं हलत नाही. मुंबईकराला हे सांगायला नको: १८५३मध्ये बोरीबंदर ते ठाणे जो मार्ग पडला, त्याच्याच आजूबाजूला त्याचं घर, शाळा आणि नोकरी आजही आहे.

रस्त्याने घडवलेलं शहर

मुंबई आणि मस्कत, दोन्ही शहरं लांबट. मुंबईला समुद्र आणि खाडीने आवळलं, मस्कतला समुद्र आणि डोंगराने. मात्र मुंबईत रूळ आधी आले आणि वस्ती रुळांच्या मागे गेली. दादर, अंधेरी, बोरिवली ही उपनगरं स्थानकाभोवती वाढली. स्टेशनपासून चालत किती मिनिटं, यावर घराचा भाव ठरत आला.

मस्कतमध्ये रस्ता आधी आला. १९७०मध्ये सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा साऱ्या ओमानात जेमतेम दहा किलोमीटर डांबरी रस्ता होता. विमानं उतरायची ती रूवीच्या दरीतल्या बैत अल-फलज धावपट्टीवर. १९७३मध्ये सीबला नवा विमानतळ सुरू झाला, जुनी धावपट्टी मोकळी झाली आणि त्या सपाट जमिनीवर बँका आणि कचेऱ्यांचं रूवी उभं राहिलं. शहराचं एक टोक रूवीला आणि दुसरं विमानतळाला, दोन्हींना जोडणारा एकच मोठा रस्ता. आज तो सुलतान काबूस मार्ग म्हणून ओळखला जातो. पुढची चाळीस वर्षं शहर त्याच्याच दोन्ही अंगांनी पश्चिमेला सरकत गेलं. १९८६मध्ये अल-खूदला सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झालं, त्याच दशकात रुसैलची औद्योगिक वसाहत आली.

जमिनीच्या वाटपानेही या पसरण्याला हात दिला. ओमानी नागरिकाला घरासाठी सरकारकडून भूखंड मिळतो. त्याचं नेहमीचं माप ६०० चौरस मीटर. २००८पासून स्त्रियांनाही हा हक्क पुरुषांच्या बरोबरीने मिळाला. सामान्य कुटुंबाला स्वतःचं घर देणारी ही योजना फार मोलाची आहे. पण प्रत्येक भूखंडावर एक बंगला, त्याला कुंपण आणि दारात दोन-तीन गाड्या अशी वस्ती विरळ होते. आणि विरळ वस्तीला रेल्वे पुरवणं महाकठीण असतं.

किती कठीण, ते हिशेब मांडून पाहू. माणूस स्थानकापर्यंत साधारण ५०० मीटर चालतो असं धरलं, तर स्थानकाभोवतीच्या वर्तुळाचं क्षेत्र सुमारे ७८ हेक्टर होतं. त्यातली निम्मी जागा रस्ते, शाळा, मशिदी आणि मोकळं मैदान म्हणून सोडली, तर उरलेल्या जागेत ६०० चौरस मीटरचे साडेसहाशे भूखंड बसतात. घरटी सहा माणसं धरली तरी आकडा चार हजारांच्या आत. त्यांतल्या पाचव्या हिश्शाने रोज रेल्वे वापरली तर दिवसाला आठशे प्रवासी. लाइट रेलच्या, म्हणजे हलक्या शहरी रेल्वेच्या, एका गाडीत दोनशे ते अडीचशे माणसं मावतात. म्हणजे दिवसभराचे प्रवासी चार गाड्यांत संपले. रूवीत, हमरियात आणि वादी कबीरमध्ये मात्र चित्र उलटं आहे. तिथे बहुमजली इमारती आहेत, एकेका खोलीत चारचार-सहासहा जण राहतात, खाली दुकानं आहेत आणि रस्त्यावर रात्रीपर्यंत वर्दळ असते. एकाच मार्गिकेवर ही दोन्ही टोकं येतात आणि आखणी करणाऱ्याची खरी कसोटी इथूनच सुरू होते.

कोण, कुठून, कुठे

नकाशावर पेन्सिल टेकवण्याआधी एक मोठं काम करावं लागतं: माणसं रोज कुठून कुठे जातात ते शोधणं. याची आजही वापरात असलेली पद्धत १९५०च्या दशकात शिकागोच्या वाहतूक अभ्यासातून रूढ झाली. तिच्या चार पायऱ्या आहेत. शहराचे शेकडो लहान विभाग पाडायचे आणि प्रत्येकातून किती फेऱ्या निघतात ते काढायचं. त्या फेऱ्या कुठल्या विभागात जातात ते ठरवायचं. त्यांतल्या किती गाडीने, किती बसने, किती पायी होतील याचा अंदाज बांधायचा. शेवटी त्या फेऱ्या प्रत्यक्ष रस्त्यांवर आणि मार्गिकांवर मांडून कुठे किती गर्दी होते ते पाहायचं.

पद्धत जगभर सारखी असली तरी मस्कतमध्ये ती तशीच्या तशी उचलून चालत नाही. इथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. गुरुवारी संध्याकाळी कितीतरी ओमानी कुटुंबं राजधानी सोडून बातिना किनाऱ्यावरच्या किंवा डोंगरापलीकडच्या आपापल्या गावी निघतात आणि पश्चिमेकडचे रस्ते तुंबतात. रमजानात कचेऱ्यांच्या वेळा बदलतात, दुपार शांत होते आणि रात्र जागी होते. उन्हाळ्यात भर दुपारी पायी चालणारं जवळजवळ कोणी नसतं. ऑक्टोबरमधल्या एका मंगळवारची पाहणी करून वर्षाचा अंदाज बांधला तर तो चुकणारच.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, मोजायचं कुणाला? आज ज्याच्याकडे गाडी आहे त्याचा प्रवास मोजणं सोपं, कारण तो रस्त्यावर दिसतो. गाडी नसलेल्या माणसाचा प्रवास विखुरलेला असतो: थोडा ‘मवासलात’च्या बसने, थोडा नारिंगी-पांढऱ्या टॅक्सीत वाटणीने, थोडा छोट्या ‘बैसा बस’मधून, तर थोडा कंपनीच्या गाडीतून. मवासलात ही ओमानची सरकारी बससेवा. १९७२मध्ये राष्ट्रीय परिवहन कंपनी म्हणून ती सुरू झाली, २०१५मध्ये नव्या नावाने आणि नव्या बसगाड्यांनी उभी राहिली. तिचा पहिल्या क्रमांकाचा मार्ग रूवी ते माबेला असा शहराच्या कण्यावरूनच जातो. रेल्वेच्या आखणीसाठी या मार्गावरच्या थांब्याथांब्याची चढउतार सोन्याच्या मोलाची आहे. खाजगी गाडी नसलेली माणसं आज नेमकी कुठे उभी राहतात, ते या नोंदीतून कळतं.

या माणसांत आपलेही पुष्कळ आहेत. रत्नागिरी-रायगडातल्या कित्येक घरांत रूवी हे नाव दापोली-चिपळूणइतकंच ओळखीचं आहे. दारसैतला इंडियन स्कूल आणि कृष्णमंदिर आहे, रूवी हाय स्ट्रीटवर भारतीय दुकानांची रांग आहे. इथला चाकरमानी, घुब्रातल्या दवाखान्यात जाणारी परिचारिका, अल-खूदला शिकणारी ओमानी विद्यार्थिनी, अल-खुवैरच्या मंत्रालयातला कारकून: हे चौघं रोज ज्या वाटेने जातात ती वाट मार्गिकेला सापडली पाहिजे.

लाइट रेल कशासाठी

मोठ्या रस्त्याच्या एका लेनमधून तासाला साधारण २,००० गाड्या जातात. गाडीत सरासरी दीड माणूस धरला तर ३,००० माणसं. दोन गाड्या जोडलेली लाइट रेल दर तीन मिनिटांनी सोडली तर तासाला वीस फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरीत पाचशे, म्हणजे एका दिशेने १०,००० माणसं. तीन लेनचं काम एक रूळ करतो आणि त्याला वाहनतळही लागत नाही. मस्कतसारख्या अरुंद शहरात रस्ता आणखी रुंद करायला जागाच नाही, म्हणून हा हिशेब फार बोलका आहे.

मोठी मेट्रो याच्या तिप्पट-चौपट माणसं नेऊ शकते, पण तिचा खर्चही तसाच वाढतो. खर्च प्रामुख्याने रूळ कुठून जातात यावर ठरतो. जमिनीवरच्या मार्गाच्या तुलनेत खांबांवरचा मार्ग साधारण दुप्पट-तिप्पट महाग पडतो आणि भुयारी मार्ग त्याहून कितीतरी महाग. लाइट रेलचा गुण असा की ती तिन्ही प्रकारे धावू शकते. गर्दीच्या भागात रस्त्याच्या कडेने, चौक ओलांडताना पुलावरून, डोंगर आला तर बोगद्यातून. ती ६ टक्क्यांपर्यंतचा चढ चढते, जिथे मालगाड्यांच्या रेल्वेला एक-दोन टक्केही जड जातात. शहरातल्या ट्रामसारखी ती २५-३० मीटर त्रिज्येच्या वळणावरही फिरू शकते.

आखाती देशांनी यातले बरेच पर्याय वापरून पाहिले आहेत. दुबईने २००९मध्ये विनाचालक मेट्रो सुरू केली, २०१४मध्ये ट्राम. दोह्याची मेट्रो २०१९मध्ये आली, रियाधची २०२४च्या डिसेंबरात. मस्कतला उशिरा आल्याचा फायदा आहे: शेजाऱ्यांची कामगिरी समोर उघडी आहे.

तीन रेघा

या पट्टीत मार्गिका टाकायच्या तीन जागा सहज दिसतात.

पहिली समुद्राच्या बाजूने, अझैबा-घुब्रातून जाणाऱ्या १८ नोव्हेंबर मार्गाच्या जवळून. इथे हवा बरी, वस्ती जुनी, किनारा जवळ. पण एका बाजूला समुद्र असल्याने स्थानकाचं निम्मं वर्तुळ पाण्यात जातं. कुरुमला खारफुटीचं राखीव जंगल आहे. ओमानने रामसर यादीत घातलेली ही पहिली पाणथळ जागा, तिला हात लावता येणार नाही. किनाऱ्यालगत भूजल उथळ आणि खारं असतं, ते लोखंड आणि सिमेंट दोन्ही खातं.

दुसरी दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याने जाणाऱ्या मस्कत एक्स्प्रेसवेच्या कडेने. जमीन मोकळी, सरकारी, भूसंपादनाचा त्रास कमी, काम झपाट्याने उरकेल. पण मोकळी म्हणजे माणसं नसलेली. स्थानकाचं निम्मं वर्तुळ इथेही वाया जातं, यावेळी डोंगरात.

तिसरी मधोमध, सुलतान काबूस मार्गाच्या बाजूने. विमानतळ, भव्य मशीद, अल-खुवैरची मंत्रालयं, कुरुमचा बाजार हे सारं याच कण्यावर आहे. जागा सरकारची, दिशा सरळ. बहुतेक शहरं इथे येऊन समाधानाने थांबतात. पण महामार्गाच्या कडेला स्थानक बांधलं की एक नवी अडचण उभी राहते: रस्ता स्वतःच पन्नास-साठ मीटरची दरी आहे. पलीकडच्या माणसाला पूल चढून, आठ-दहा लेन ओलांडून यावं लागतं. दुबईला शेख झायेद मार्गावर नेमकं हेच सोडवायला वातानुकूलित पादचारी पूल बांधावे लागले.

माझं मत असं आहे की मस्कतमध्ये कणा सोडून वस्तीत शिरायची तयारी ठेवली पाहिजे. पश्चिमेला, विमानतळाच्या पलीकडे, महामार्गाची कडा धरून वेगाने जावं. पण अल-खुवैर, घुब्रा आणि रूवी इथे मार्गिकेने पाचसातशे मीटर आत वळावं, दोन्ही बाजूंना घरं आणि दुकानं असतील अशा रस्त्यातून जावं. वळणाने दोन मिनिटं जातील. पण स्थानकाचं पुरं वर्तुळ कामाला येईल. लाइट रेलला तीव्र वळणं घेता येतात, ती याचसाठी वापरायची.

पाणी कधी येईल

मस्कतला वर्षाला सरासरी १०० मिलीमीटर पाऊस पडतो. मुंबईत जुलैच्या एका दिवसात इतका सहज पडतो. तरीही मस्कतच्या आखणीत पाण्याइतका धोकादायक विषय दुसरा नाही.

कारण आहे वादी. वादी म्हणजे वर्षाचा बहुतेक काळ कोरडी असणारी नदी. हजर पर्वतावर माती फार थोडी, झाडं तुरळक, पाऊस पडला की तो खडकावरून सरळ खाली धावतो आणि तासा-दोन तासांत कोरड्या पात्रातून भिंतीसारखा लोंढा येतो. डोंगर दक्षिणेला, समुद्र उत्तरेला, म्हणजे प्रत्येक वादी शहराला आडवी कापते. आणि पूर्व-पश्चिम जाणारी मार्गिका प्रत्येक वादीला ओलांडते. यातून सुटका नाही.

जून २००७मध्ये गोनू चक्रीवादळ आलं तेव्हा कुरुमचा बाजारभाग वादी अदैच्या पाण्यात गेला, रस्ते वाहून गेले, देशात पन्नासच्या आसपास माणसं दगावली. ऑक्टोबर २०२१मध्ये शाहीन वादळाने बातिना किनारा झोडपला. एप्रिल २०२४मध्ये आलेल्या पुरात समद अल-शान भागात शाळकरी मुलं वाहून गेली. हे देशाच्या मनावर कोरलं गेलेलं दुःख आहे आणि कुठल्याही नव्या बांधकामाने त्याचं उत्तर द्यायला हवं.

अभियंते ‘शंभर वर्षांतला पूर’ असं म्हणतात. त्याचा अर्थ तो शंभर वर्षांनी एकदा येतो असा नसून, कुठल्याही वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का आहे असा असतो. आता मार्गिका शंभर वर्षं चालणार असेल, तर त्या काळात असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता ६३ टक्के निघते. म्हणजे तो येणार असं धरूनच पूल बांधायचे.

आखणीत याचे तीन परिणाम होतात. जमिनीवरचा मार्ग मातीच्या भरावावर टाकला तर भराव धरणासारखा पाणी अडवतो आणि वरच्या अंगाची वस्ती बुडवतो, म्हणून वादीजवळ भराव टाळून लांब पायांचे पूल घ्यावे लागतात. भुयारी स्थानकाचं तोंड आजूबाजूच्या रस्त्यापेक्षा उंच ठेवावं लागतं. आणि डेपो, जिथे साऱ्या गाड्या रात्री उभ्या राहतात, तो वादीच्या पात्राजवळच्या स्वस्त जमिनीवर कधीही घ्यायचा नसतो. पात्र वीस वर्षं कोरडं दिसलं म्हणून ते पात्र राहत नाही, असं कुणी समजू नये.

खडक आणि चढ

कुरुम ते रूवी हा मार्गाचा सगळ्यात अवघड तुकडा. इथे डोंगर समुद्रापर्यंत येतात आणि शहर चिंचोळ्या खिंडींतून पुढे सरकतं. वतय्याच्या खिंडीत महामार्गाने, गाड्यांच्या शोरूमनी आणि बाजूच्या रस्त्यांनी सगळी सपाट जागा घेतली आहे. रुळांना इथे खांबांवर चढावं लागेल किंवा डोंगरात शिरावं लागेल.

डोंगरात शिरायचं तर खडक ओळखायला हवा. ओमानचे हे काळपट-तपकिरी डोंगर भूशास्त्रज्ञांना जगभरातून खेचून आणतात. समुद्रतळाचं कवच आणि त्याखालचं प्रावरण जमिनीवर चढून आलेल्या समाइल ऑफिओलाइटचा हा भाग आहे. पृथ्वीच्या पोटातला खडक इथे उन्हात उघडा पडला आहे. त्याच्यावर पाण्याची प्रक्रिया होऊन जागोजागी सर्पेंटाइन हे खनिज तयार झालं आहे, ते मऊ आणि निसरडं असतं. बोगदा खणताना काही मीटर कठीण खडक, मग अचानक सुटणारा पट्टा, असा अनुभव येतो. म्हणून इथे मार्ग ठरवण्याआधी जवळजवळ छिद्रं घेऊन तपासणी करावी लागते आणि जिथे खडक वाईट निघेल तिथे रेघ शंभर मीटर सरकवायची मुभा ठेवावी लागते.

डोंगर कापून मार्ग टाकला तर कडांचीही काळजी घ्यावी लागते. कोकण रेल्वेने २००३च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीपायी पन्नासहून अधिक जीव गमावले. ओमानात पाऊस कमी, पण जो येतो तो एकदम येतो आणि वर्षभर उन्हाने तडकलेला खडक तेव्हा सुटतो.

अमेरातचा प्रश्न वेगळा आहे. डोंगरापलीकडच्या या खोऱ्यात जागा तुलनेने स्वस्त असल्याने वस्ती झपाट्याने वाढली. बौशरहून तिथे जाणारा घाटरस्ता इतका चढाचा आहे की लाइट रेलला तो झेपणार नाही. दुसरी वाट वादी अदैच्या खिंडीतून, पुराच्या तोंडावरून. मग या लोकांना पहिल्या टप्प्यात रेल्वे देता येत नसेल, तर खिंडीच्या तोंडाशी मोठं स्थानक आणि तिथून दर पाच-सात मिनिटांनी बस, एवढं तरी आराखड्यात पहिल्या दिवसापासून असलं पाहिजे. ‘पुढचा टप्पा’ असं लिहून माणसं विसरली जातात.

स्थानकं किती

पन्नास किलोमीटर ताशी ७० किलोमीटरच्या वेगाने न थांबता गेलं तर ४३ मिनिटं लागतात. प्रत्येक थांब्यावर वेग कमी करणं, दारं उघडणं, पुन्हा वेग घेणं यात साधारण ४५ सेकंद जातात. पन्नास थांबे ठेवले तर प्रवास ८० मिनिटांचा होतो, पंचवीस ठेवले तर ६२ मिनिटांचा. अठरा मिनिटं वाचली. पण पंचवीस थांब्यांत दोन स्थानकांमधलं अंतर दोन किलोमीटर होतं आणि मधल्या माणसाला किलोमीटरभर, म्हणजे बारा मिनिटं, चालावं लागतं. गाडीत वाचलेला वेळ रस्त्यावर खर्च झाला.

मुंबईच्या पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते विरार या साठेक किलोमीटरांत हा पेच जलद आणि धीम्या गाड्यांनी सोडवला, कारण तिच्याकडे चार रूळ आहेत. मस्कतला दोनच मिळतील. तेव्हा उत्तर अंतराच्या चढउतारात शोधायचं: रूवी ते घुब्रा दाट वस्तीत सातशे-आठशे मीटरवर स्थानक, विमानतळापलीकडे दीड-दोन किलोमीटरवर. शिवाय दोन-तीन जागी बाजूला घ्यायचा तिसरा रूळ आजच मोजून ठेवावा, म्हणजे उद्या जलद गाडी पुढे काढता येईल. जमीन नंतर मिळत नाही.

ऊन

२६ जून २०१८ रोजी मस्कत प्रांतातल्या कुरियातला दिवसभरात तापमान ४२.६ अंशांच्या खाली आलंच नाही. चोवीस तासांतलं किमान तापमान म्हणून हा जागतिक उच्चांक ठरला. ज्या देशात जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावर काम करायला कायद्याने बंदी आहे, तिथे प्रवाशाने पाचशे मीटर उन्हात चालत यावं असं गृहीत धरणं क्रूरपणाचं आहे.

म्हणून इथे ‘चालण्याचं अंतर’ मीटरमध्ये मोजून भागत नाही, सावलीत मोजावं लागतं. सावली असेल तर माणूस पाचशे मीटर चालेल, नसेल तर दोनशेही नाही. दोन्हीकडे झाडं लावलेला पदपथ, इमारतींच्या खालून जाणारी झाकलेली वाट, थंड पाण्याची सोय आणि थांब्यावर बंद, गार खोली हे रुळांइतकेच मार्गिकेचे भाग आहेत. त्यांचा खर्च पालिकेवर न ढकलता रेल्वेच्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे, कारण पदपथ नसेल तर स्थानक असून नसल्यासारखं आहे. डब्यांत वातानुकूलन कमी पडणार नाही आणि तापलेले रूळ वाकणार नाहीत, हे अभियंता पाहतोच. पदपथ पाहणारं कोणी नसतं.

आधी गाडी की आधी गाव

मार्ग चुकला तर काय होतं, ते मुंबईने पाहिलं आहे. फेब्रुवारी २०१४मध्ये चेंबूर ते वडाळा मोनोरेल सुरू झाली. मार्गाचा मोठा भाग तेलशुद्धीकरण कारखाने, खतकारखाना आणि मोकळ्या जमिनीच्या बाजूने जात होता, म्हणजे जागा मिळाली पण माणसं मिळाली नाहीत. २०१९मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढवली, तरी गाड्या रिकाम्याच धावत राहिल्या. त्याच २०१४मध्ये सुरू झालेली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो पहिल्या दिवसापासून भरली, कारण ती दोन लोकल मार्गांना आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या गर्दीला जोडत होती. एकाच शहरात, एकाच वर्षी आलेल्या दोन मार्गिकांतला हा फरक तंत्रापेक्षा आखणीचा होता.

मस्कतच्या पश्चिम टोकाला याच्या उलट संधी आहे. सुलतान हैथम सिटीची पायाभरणी मे २०२३मध्ये झाली. १ लाख लोकांसाठी २० हजार घरं आणि १९ मोहल्ले असा तिचा आराखडा आहे. इथे रूळ वस्तीच्या मागे धावत जाणार नाहीत, दोघं एकत्र येऊ शकतात. स्थानकाभोवती चार-पाच मजली घरं, खाली दुकानं, चालत जाता येईल अशी शाळा आणि दवाखाना, असं आधी ठरवलं, तर सहाशे चौरस मीटरचं कोडं निदान या एका शहरापुरतं सुटेल. पण त्यासाठी पहिला मोहल्ला वसतो तेव्हाच गाडी किंवा निदान भरवशाची बस सुरू व्हायला हवी. माणूस एकदा गाडी विकत घेऊन तिचे हप्ते भरू लागला की पुढे आलेली रेल्वे त्याला उशिरा आलेली वाटते.

दुसऱ्या टोकाला, रूवीत, उलटी काळजी आहे. रेल्वे आली की आसपासची भाडी चढतात. ज्या कामगारांच्या भरवशावर मार्गिका भरणार, त्यांनाच ती तिथून हलवू शकते. म्हणून स्थानकाजवळची काही घरं परवडणाऱ्या भाड्याची राहतील असा नियम मार्गाबरोबरच करावा लागतो. असा नियम मागून आणायचा प्रयत्न केला तर तो कधीच येत नाही.

महाराष्ट्रातही आज पुण्यात, ठाण्यात, नागपुरात, नाशकात अशा रेघा ओढल्या जात आहेत किंवा ओढायच्या आहेत. त्यांचे आराखडे लोकांसमोर हरकतींसाठी मांडले जातात तेव्हा सगळ्यांचं लक्ष नकाशावरच्या रंगीत पट्टीकडे जातं. पट्टी सरळ असली, लांब असली की समाधान वाटतं. मस्कतच्या चिंचोळ्या पट्टीकडे पाहून शिकायचं ते असं की आधी प्रत्येक स्थानकाभोवतीचं पाचशे मीटरचं वर्तुळ पाहावं. त्या वर्तुळात किती माणसं राहतात, किती कामाला येतात, त्यांतल्या किती जणांकडे गाडी नाही, त्यांना सावलीतून आणि पुराशिवाय स्थानकात येता येईल का, हे चार प्रश्न प्रत्येक स्थानकाला विचारावेत. ज्या आराखड्यात या चारही प्रश्नांची उत्तरं आकड्यांत लिहिलेली असतील, त्याला हरकत घेऊ नये. ज्यात ती नसतील, तो कितीही देखणा असला तरी परत पाठवण्याचा नागरिकांना हक्क आहे, आणि तो हक्क बजावण्याची वेळ रूळ पडण्याआधीचीच असते.